आजोबा ठेवले, आडनाव खोडलं

प्रूफ माझ्यापुढं सरकवताना आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोह्यांच्या बशीकडं बघितलं.

"खावा की ताई. गार व्हायला लागलं."

साताऱ्यातला त्यांचा बंगला. हॉलमध्ये भिंतीवर तलवारी, खाली कपाटात सत्काराच्या ढाली. आप्पा कारखान्याचे माजी संचालक आणि आता कुलमंडळाचे अध्यक्ष. ते सोफ्यावर. शेजारी खुर्चीत मंडळाचे सेक्रेटरी. समोर मी. मधे टेबलावर आमच्या आडनावाच्या पुस्तकाचं प्रूफ. कुलवृत्तांत म्हणतात त्याला. एका आडनावाची सगळी माणसं शोधायची, त्यांच्या वंशावळी लावायच्या, शूरवीरांची पानं छापायची आणि पहिल्या पानावर देवीचा फोटो टाकायचा. या पुस्तकासाठी मी वर्षभर जुने कागद वाचत होते.

आभाराचं पान वर काढून ठेवलेलं होतं. मोडी कागद वाचून दिल्याबद्दल आभार, असं एक वाक्य. त्यात माझं नाव. वडिलांचं नाव. आणि त्यापुढचं आडनाव लाल पेननं खोडलेलं. एकदा नाही. वरून पुन्हा रेघ मारलेली, खालचं अक्षर कुणाला वाचता येऊ नये म्हणून.

"हे काय?"

"गैरसमज नको ताई. नाव ठेवलंय की तुमचं. फकस्त आडनाव नको. लोकांचा घोटाळा हुतोय."

मी पानं उलटली. शूरवीरांच्या भागात माझे आजोबा. डोक्याला फौजेची पगडी, छातीवर मेडल. खाली नाव, आणि नावापुढं आडनाव. ठळक अक्षरात. त्यावर लाल पेन चालला नव्हता. फक्त त्यांच्या गावाचं नाव खोडून बाजूला 'मिरज' लिहिलं होतं.

मेलेल्या आजोबांचं आडनाव त्यांना चालत होतं. जिवंत नातीचं चालत नव्हतं.

पोह्यांना मी हात लावला नाही.

आडनाव मी इथं लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. लिहिलं की तुम्हीही तेच कराल जे सगळे करतात. मनातल्या मनात आमची जागा शोधाल. आमचं आडनाव या दोन जिल्ह्यांत ओढ्याच्या अलीकडं आहे आणि पलीकडंही आहे. बंगल्याच्या फाटकावर आहे, एसटी कंडक्टरच्या बिल्ल्यावर आहे, झाडूवालीच्या हजेरीतही आहे. नुसत्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. म्हणून लोक पुढं विचारतात. गाव कंचं? गाव सांगितलं की, गावात कुठं? मग, पाव्हणं कोण तुमचं? मायेनं विचारतात. चहा पुढं करून विचारतात. मी लहानपणापासून ती माया ओळखून आहे.

कॉलेजात असताना सांगलीत एका बाईंनी मला खोली दिली ती आडनाव ऐकून. आमच्यातलीच पोरगी म्हणून पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं. पुढं एकदा कशाला तरी खोलीत आल्या आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माजा भाचा येनार हाय ऱ्हायला. खोली लागंल." तो भाचा अजून यायचाय.

आई म्हणते, तुझा स्वभावच संशयी. कुणी साखर दिली तरी तू त्यात खडा शोधतीस. शोधते. दर वेळी सापडतो, त्याला मी काय करू?

सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. मोडी लिपी शिकले ती हौसेनं, सुट्टीच्या वर्गात. शिकताना वाटायचं, आपल्या माणसांचं काहीतरी वाचायला मिळेल. काय मिळेल ते माहीत नव्हतं.

सेक्रेटरी मला ग्रंथालयातच भेटले. शिरवळच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि सुट्टीचा दिवस कुळाच्या कामाला वाहिलेला. जुनी गॅझेटियर बघायला आले होते. काउंटरवरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि तोंडभर हसले.

"अरे वा! तुम्ही आमच्यातल्याच की!"

मी हसले नाही. वाट बघितली.

"गाव कुठलं?"

"मिरज."

खोटं नव्हतं. आजोबा लढाईवरून आले आणि मिरज जंक्शनवर रेल्वेत लागले. वडिलांचा जन्म रेल्वेच्या चाळीतला. माझाही. मूळ गाव पलूसकडं, पण तिथं आमच्या घरातलं कुणी उरलेलं नाही.

"देवक काय तुमचं?"

हा त्यांचा खरा प्रश्न. देवक म्हणजे लग्नात मांडवाला बांधायची ठरलेली डहाळी. ज्याची त्याची वेगळी. आडनाव एक आणि देवकही एक, म्हणजे माणसं भाऊ-भाऊ लागली, त्यांच्यात सोयरीक होत नाही. ढीगभर कागद दाखवा, यांचा विश्वास देवकावर. आम्ही महार. धम्म घेतला आणि देवक सोडलं. पण माझ्या आजीच्या लग्नात मांडवाला कळंब बांधला होता, एवढं घरात ऐकलेलं होतं.

"कळंब," मी म्हणाले.

सेक्रेटरींनी काउंटरवर हात आपटला. वाचत बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. "कळंब! मग ही भावकीच झाली ताई!" तिथं उभ्या उभ्याच त्यांनी आप्पांना फोन लावला. आप्पा, आपल्यातली एक ताई सापडली, मोडी वाचतीय.

आपल्यातली! देवक जुळलं म्हणजे माणूस आपल्यातलं. दुसरी काही शक्यता त्यांच्या डोक्यात आलीच नाही. कळंबाची डहाळी ओढा ओलांडून पलीकडच्या मांडवात जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. का सांगू? त्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. आणि त्यांच्याच नियमानं बघितलं तर ते म्हणत होते ते खरं होतं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. तेही रेल्वेतच होते, आता रिटायर. माझा संशय त्यांच्याकडून आलेला.

"आपल्याला कशापायी बोलावत्यात?" दादा म्हणाले. "काम आसंल कायतरी. कामापुरता मामा."

"जुने कागद वाचायचेत."

"वाच. पर डोळं उगडं ठेवून वाच."

मग माझ्या सुट्ट्या त्यात गेल्या. कधी साताऱ्याच्या एका जुन्या ग्रंथालयात, कधी सांगलीतल्या एका संग्रहात. फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की धूळ नाकात जाते आणि संध्याकाळपर्यंत शिंका थांबत नाहीत. मी आमचं आडनाव शोधायची. ते भरपूर सापडायचं. पाटीलकीचे तंटे, भावाभावांच्या वाटण्या, विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्या. सगळे आमच्या आडनावाचे.

त्याच गावांत, त्याच कागदांत आमची माणसंही होती. शिवेचा वाद लागला की शीव दाखवायला बोलावलेली. साक्षीला उभी केलेली. धोंडनाक महार. रामनाक महार. नाव आणि जात, बस्स. विहिरीला नाव होतं, शेताला नाव होतं, एका कागदात तर पाटलाच्या घोडीलाही नाव होतं. आमच्या माणसाचं आडनाव लिहावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मला पान उलटवेना. राग आला. पण काढणार कुणावर? लिहिणारा कारकून कधीच मरून गेलेला.

जे सापडेल त्याचा फोटो मी मोबाइलवरून सेक्रेटरींना पाठवायची. पाटलाचा कागद गेला की लगेच अंगठा यायचा. वा ताई. छान ताई. धोंडनाकाचा कागद गेला की काही नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र दिसायच्या. मुद्दाम तोच कागद पुन्हा पाठवला. पुन्हा काही नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं. शेवटी फोन केला.

"ते आपल्या विषयात येत नाही ताई," सेक्रेटरी म्हणाले.

"गाव तेच आहे. साल तेच आहे."

"हो, पण त्यात आडनाव नाही ना."

बरोबर होतं. आडनाव नव्हतं. तेव्हाच मी काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही, कारण मधे आजोबांचा फोटो आला.

मंडळाला शूरवीरांची पानं भरायची होती. यांच्यात घरटी एक फौजी. पण महायुद्धाच्या वेळचा, मेडल स्वच्छ दिसतंय असा फोटो कुणाच्या घरात निघेना. मी घरी जेवताना सहज बोलून गेले. दादा ताटावरून उठले. हात धुतला, भिंतीवरची आजोबांची तसबीर उतरवली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि माझ्या हातात दिली.

दादा! स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास न ठेवणारा माणूस.

"छापनार आसतील तर छापू दे," ते म्हणाले. "बर्मात लडून आलं त्ये. गावानं कवा नाव काडलं न्हाई. कुठंतरी लिवलं जाऊ दे."

आजोबा हवालदार होऊन परत आले होते. गावात पाय ठेवला तर गावानं जुनीच कामं सांगितली. मेलेली जनावरं ओढायची, सांगावा घेऊन पळायचं. आजोबा नाही म्हणाले. नाही म्हटल्यावर पिठाच्या गिरणीत आजीचं दळण घेईनात. तेव्हा आजीला घेऊन ते मिरजेला निघाले आणि पुन्हा गावाकडं गेले नाहीत. दादांना त्यांच्याबद्दल माहीत ते एवढंच. आजोबा फार बोलायचे नाहीत म्हणे.

तसबीर मी साताऱ्याला नेऊन दिली. आप्पा बघतच राहिले. "काय रुबाब हाय गड्याचा! रगत बोलतंय बगा. आमचंच रगत." आजोबा शूरवीरांच्या पानात तर येणारच, शिवाय मागच्या कव्हरवर एकटे त्यांचाच फोटो टाकायचा, असं तिथल्या तिथं ठरलं. तसबीर सांगलीच्या प्रेसमध्ये गेली. दादा चाळीतल्या जुन्या सोबत्यांना सांगत सुटले, आमचं म्हातारं पुस्तकात येनार हाय. त्यांचा तो चेहरा बघून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

आजोबांच्या गावाचं नाव मी माहितीत लिहून दिलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. सेक्रेटरी गावोगावचे फोटो काढत हिंडत होते, तसे एक दिवस तिथंही गेले. चौकात गाडी लावली आणि विचारलं, हवालदारांचं घर कुठं होतं? चौकातली माणसं आधी एकमेकांकडं बघायला लागली. मग एका म्हाताऱ्यानं ओढ्याच्या पलीकडं बोट दाखवलं. हे मला नंतर त्या पलीकडच्या वस्तीतल्या माणसांनीच सांगितलं. सेक्रेटरी ओढ्यापलीकडं गेले नाहीत. गाडी वळवली.

संध्याकाळी मला फोन आला. वर्षभराची ताई एका दिवसात गेली होती.

"मॅडम, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं."

"काय?"

"ते… तुम्हाला माहितीये."

"नाही माहिती. सांगा."

त्यांना तो शब्द उच्चारता येईना. आप्पांनी बोलावलंय म्हणाले आणि फोन ठेवला.

तर तो बंगला, ते पोहे आणि तो लाल पेन.

"आमी जातपात मानत न्हाई," आप्पा म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "माज्या ड्रायव्हरला इचारा. माज्या शेजारी बसून जेवतोय त्यो."

"मग आडनाव का खोडलं?"

"आवं, पुस्तक कुळाचं हाय. उद्या लोकं सोयरिकीला ह्येच पुस्तक उगडून बसनार. तुमचं नाव बगून आमच्या एकांद्या पोरीचं लगीन मोडलं, तर कोन निस्तरनार?"

निदान खरं बोलले. एवढ्या वर्षभरात पहिल्यांदा.

"देवक जुळलं म्हणून भावकी तुम्हीच म्हणालात. मी म्हणाले नव्हते."

"देवकाचं काय घिऊन बसलाय? तुमच्या लोकांनी आमचं बगून बांदलं आसंल."

"असेल. देवक आम्ही तुमचं घेतलं. मग आजोबा तुम्ही कुणाचे घेतले?"

सेक्रेटरींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. आप्पांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण माणूस राजकारणातला, आवाज चढवला नाही.

"त्येंचा मान राखलाय आमी. मागच्या कव्हरवर घेतलंय. तुमच्यातल्या कुनाला मिळाला आसता ह्यो मान? आता पाहिजे का नको, तेवडं बोला. नको आसंल तर काडून टाकू, आमचं काय आडलं न्हाई."

मी पुन्हा आभाराचं पान बघितलं. माझं नाव. बापाचं नाव. पुढं काही नाही. धोंडनाकाचा कागद लिहिणारा कारकून मेला असं मी समजत होते. तो मेला नव्हता. माझ्यासमोर सोफ्यावर बसून मला पोहे खा म्हणत होता.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले आणि प्रूफ उचलून पिशवीत घातलं.

"प्रूफ ठेवून जा मॅडम," सेक्रेटरी म्हणाले.

"वर्षभर तुमचे कागद वाचलेत. हाही वाचते."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कराड यायच्या आत मी वंशावळीच्या पानांवर पोचले होते. आजोबांचं नाव शोधलं. सापडलं. थोरल्या शाखेत, एका पाटलाच्या खाली, त्याचा मुलगा म्हणून.

इंग्रजांच्या काळातला तो पाटील माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याला मूलबाळ नव्हतं. पाटीलकी कुणाकडं जाणार यावरून पुतण्यांची भांडणं लागली होती. त्या भांडणाचे सगळे कागद मीच वाचून दिले होते. माझ्याच वाचनातून त्यांना एक रिकामी जागा सापडली आणि तिथं त्यांनी माझा माणूस नेऊन बसवला.

म्हणजे रागाच्या भरात चाललेला पेन नव्हता तो. नीट बसून, विचार करून, रिकामी फांदी बघून केलेलं काम होतं. मी पान मिटलं आणि कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. शेजारची बाई म्हणाली, "बरं वाटंना व्हय?"

"न्हाई वाटत," मी म्हणाले.

घरी दादा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. माझं आडनाव खोडलं ते, गाव खोडलं ते, आप्पा काय म्हणाले ते. दादा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "छापू दे."

"दादा!"

"तुजं न्हाई तर न्हाई. त्येंचं तर हाय न्हवं आडनाव? फोटू दिसंल. माजं वय झालं आता. बगून जाऊ दे मला."

त्या क्षणी मला आप्पांपेक्षा दादांचा राग आला. डोळे उघडे ठेव म्हणून शिकवलं ते यांनीच, आणि आता एका फोटोसाठी स्वतःच मिटून घ्यायला निघाले. मी रडले. आईनं पाणी आणून दिलं, तेही घेतलं नाही. वंशावळीचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. थोरली शाखा. पाटलाचं नाव. त्याच्याखाली आजोबांचं.

"ह्यो पाटील कोन?" दादांनी विचारलं.

"आजोबांचा बाप. पुस्तकात."

"आन माजा आज्जा?"

"कुठंच नाही."

दादा खुर्चीतून उठले. उभ्या आयुष्यात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "माज्या बापाला दुसरा बाप लावला व्हय त्येंनी? उद्या सकाळीच जायाचं. फोटू आनायचा माज्या बापाचा."

सकाळी आम्ही सांगलीच्या प्रेसमध्ये. मालक माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "आवं, अध्यक्षांना इचारल्याबिगर कसं दिऊ?" म्हणाला.

दादा म्हणाले, "बाप माजा हाय. तुमच्या अध्यक्षाला इचारून जल्माला आला न्हवता."

मालकानं आतून तसबीर आणून दिली. दादा ती छातीशी धरून बाकावर बसले. मी बसले नाही. काच आणि लाकूड हातात आलं म्हणजे फोटो आला, एवढी मी भोळी नाही. कॉम्प्युटर उघडायला लावला. मागचं कव्हर, शूरवीरांचं पान, वंशावळ. सगळीकडून आजोबा काढायला लावले, माझ्या डोळ्यांदेखत. मग विचारलं, "दुसरी कॉपी कुणाकडं आहे?"

"सेक्रेटरींला मेल केलीया."

मला तेच वाटलं होतं. तिथूनच आप्पांना फोन लावला.

"बोला ताई—"

"ताई म्हणू नका. आजोबांचा फोटो कुठंही छापला, तर प्रकाशनाच्या दिवशी दादांना घेऊन मी स्टेजवर येणार. हा कुणाचा बाप, कुठल्या गावचा, गावात कुठला, सगळं माइकवर सांगणार. कळंबाचंही सांगणार. मग सोयरिकी तुमच्या तुम्ही निस्तरा."

पलीकडून "लय मस्ती आलीया," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आलीय. उशिरा आली, एवढंच.

पुस्तक निघालं. मी विकत घेऊन पानन् पान तपासलं. आजोबा नाहीत. मागच्या कव्हरवर ढाल-तलवारीचं चित्र. आभारात माझं नाव नाही. मी वाचून दिलेले मोडी कागद मात्र जसेच्या तसे आहेत, 'मंडळाच्या संशोधनातून' म्हणून. तसबीर पुन्हा भिंतीवर गेली. एक दिवस तिच्याकडं बघत दादा म्हणाले, "छापलं आसतं तर काय बिगडलं आसतं का गं?" मी म्हणाले, बिघडलं असतं. ते मान हलवत राहिले. पटल्यासारखी नव्हे, थकल्यासारखी. त्यांचं समाधान मला करता आलं नाही, आणि मी करणारही नाही. मिळेल त्यात समाधान मानायची सवयच आम्हाला नडलीय.

मला आता कुणाच्या भावकीत जायचं नाही. कुठलाही रुमाल सोडून मी कुणाचं कोण ते सिद्ध करणार नाही. पण आजोबांचं नाव लिहिलं गेलं पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या बापासकट. आणि ज्या गावानं ते लिहिलं नाही, त्याच गावात.

त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावच्या फौजी माणसांचा फलक रंगवलाय. ओढ्याच्या अलीकडचे सगळे आहेत. मी ग्रामसभेला गेले. जन्मात पहिल्यांदा त्या गावात. सरपंच बाई, बोलणारे त्यांचे मिस्टर. पलीकडच्या वस्तीतली माणसं माझ्याबद्दल ऐकून आली होती, मागं उभी होती. मी अर्ज वाचला. नाव, बापाचं नाव, आडनाव, वस्ती. आजोबांच्या फौजेच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडलेली.

"तुमचं मतदान हितं हाय का?" एकानं विचारलं.

"माझं नाही. आजोबांचा जन्म इथला आहे."

"आता कशापायी जुनं उकरून काडताय?"

"जुनं नाही. मी आज तुमच्यासमोर उभी आहे."

सरपंचांचे मिस्टर म्हणाले, "बगू."

ग्रामसेवकांनी अर्ज वरून खालपर्यंत वाचला. चांगल्या शब्दांत म्हणाले, "फलकावर जागा कमी आहे मॅडम. नुसतं हवालदार आणि पुढं नाव, असं लिहिलं तर चालेल का? आडनाव राहू द्या."

"नाही चालणार. जागा नसेल तर दुसरी भिंत रंगवा."

अर्जाची पोच मागून घेतली. सही बघितली, शिक्का बघितला, तारीख बघितली.

बघू म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणून पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. दादा आहेत तोवर दादांना घेऊन, नंतर एकटी. एक ना एक दिवस कंटाळून ते रंगारी बोलावतील. त्या दिवशी रजा टाकून मी त्याच्या मागं उभी राहणार. तो नाव लिहील. बापाचं नाव लिहील. आणि आडनावाचं शेवटचं अक्षर पुरं करून तो ब्रश डब्यात टाकत नाही, तोवर मी तिथून हलणार नाही.